रक्ताची पैसेवारी : साखर व चरबी ह्यांचे आंकडे रोगाची पूर्वसूचना कशी देतात

पीक कापून खळ्यावर येण्यापूर्वींच त्याचा अंदाज बांधण्याची रीति आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वीं हा अंदाज आण्यांत बांधीत, म्हणून त्यास आणेवारी म्हणत. हल्लीं तो पैशांत बांधतात, म्हणून पैसेवारी म्हणतात. प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित पैसेवारी व शेवटीं अंतिम पैसेवारी, अशा तीन पायऱ्यांनीं ती ठरते. पहिल्या नजरेस जें दिसतें तेंच अखेरीस खरें ठरतें असें नाहीं. मध्यंतरीं पाऊस पडतो, रोग पडतो, शेतकरी पाणी देतो, आणि आंकडा खालींवर होतो. तथापि अंदाज आधीं करावा लागतो, कारण दाणा हातीं येईपर्यंत वाट पाहात बसल्यास उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

मनुष्याच्या शरीराचीही अशी पैसेवारी करतां येते, ही गोष्ट आपल्या शेतकरी वर्गांत अद्यापि म्हणावी तितकी रुजलेली नाहीं. रक्तांतील साखर व रक्तांतील चरबी ह्यांचे आंकडे म्हणजेच ती पैसेवारी होय. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात व मूत्रपिंडाचे विकार अंगावर येण्याच्या कित्येक वर्षें आधीं हे आंकडे हलूं लागतात. त्यांचा अर्थ कसा लावावा, त्यांवर भिस्त किती ठेवावी व कोठें ठेवूं नये, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें योजिलें आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. महसूल खात्याच्या दप्तरांत आंकडे मांडण्यांत ज्याची नोकरी गेली असा एक कारकून आहे. सबब औषधयोजना सांगणें हा ह्या लेखाचा हेतु नाहीं. आंकडा वाचावा कसा, एवढेंच सांगावयाचें आहे.

साष्टींतील शेतकऱ्याची पालटलेली स्थिति

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें उच्चारलीं कीं आज आगगाडीचीं स्थानकें व उंच इमारती डोळ्यांपुढें येतात. वस्तुतः हा सारा मुलूख साष्टी बेटांतील भातखाचरांचा. अंधेरी व घाटकोपर हा भाग १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड हा भाग १९५७ सालीं बृहन्मुंबईंत सामील झाला. पावसाळ्यांत भात, हिवाळ्यांत भाजीपाला, डोंगरउतारावरील गवत, ताडामाडाचें उत्पन्न, मिठागरें व मासळी ह्यांवर येथील आगरी, कोळी, भंडारी, कुणबी, ईस्ट इंडियन व वारली कुटुंबांचा निर्वाह चाले. १९९० सालीं मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा झाला, तोंपर्यंत बहुतेक खाचरें इमारतींखालीं गेलीं होतीं. सात-बाराच्या जागीं मिळकत पत्रिका आली. गोराई-मनोरीच्या बाजूस व आरेच्या पाड्यांतून थोडीफार शेती अजून होते. बाकीचे खातेदार भाड्याच्या उत्पन्नावर, नोकरीवर किंवा दुकानदारीवर आले.

जमीन गेली, मोबदला आला, पण ताट तेंच राहिलें. चिखलणी, लावणी, कापणी व झोडणी करणाऱ्या मनुष्यास जेवढा भात लागे, तेवढाच भात गाळ्याचें भाडें मोजणाऱ्या त्याच्या नातवाच्या ताटांत पडतो. शिवाय दिवसांतून चार-पांच वेळां साखरेचा चहा व नाक्यावरचा वडापाव हीं वरकड. "आमच्या घराण्यांत साखरेचा रोग कोणास नव्हता, आजोबा म्हातारपणींही खाचरांत उतरत," असें सांगणारे गृहस्थ ठिकठिकाणीं भेटतात. त्यांचें म्हणणें खरेंच असेल. परंतु आजोबांच्या वेळच्या पीकपाहणीवरून ह्या सालचा सात-बारा लिहितां येत नाहीं.

मुंबई महानगरपालिकेनें जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें २०२१ सालीं १८ ते ६९ वर्षांच्या मुंबईकरांची पाहणी केली. तींत शेंकडा सुमारें १८ लोकांची उपाशीपोटींची साखर व शेंकडा सुमारें ३४ लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. ह्यावरून हा केवळ मुंबईचा रोग आहे असें खेड्यांतील बंधूंनीं समजूं नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें सर्व देशभर १,१३,००० हून अधिक लोकांची जी पाहणी केली, तिचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें प्रौढांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ११.४ आहे. मधुमेह शहरांत अधिक व खेड्यांत कमी आहे, हें खरें. परंतु मधुमेहाच्या अलीकडची जी उंबरठ्यावरची स्थिति, तिचें प्रमाण शेंकडा १५.३ असून तींत शहर व खेडें ह्यांमध्यें फरक जवळजवळ नाहीं. रक्तांतील चरबीच्या बाबतींत तर शेंकडा ८१ लोकांचा एक ना एक आंकडा बिघडलेला निघाला. म्हणजे शहरांत पीक रोगानें पिवळें पडूं लागलें आहे आणि खेड्यांत पानांवर ठिपके दिसूं लागले आहेत, एवढाच काय तो भेद.

आंकडे कोणते व त्यांच्या मर्यादा काय

साखरेच्या मुख्य परीक्षा तीन आहेत. सर्व वजनें १०० मिलिलिटर रक्तामागें मिलिग्रॅममध्यें समजावीं.

(१) उपाशीपोटींची साखर. रात्रीं जेवल्यानंतर निदान आठ तास कांहीं न खातां सकाळीं रक्त द्यावयाचें. आंकडा १०० च्या आंत असल्यास ठीक; १०० ते १२५ ही मधली स्थिति; १२६ किंवा अधिक असल्यास मधुमेह.

(२) ग्लुकोज पिऊन दोन तासांनीं घेतलेली साखर. उपाशीपोटीं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पाजतात. १४० च्या आंत ठीक. १४० ते १९९ मधली स्थिति. २०० किंवा अधिक असल्यास मधुमेह.

(३) हिमोग्लोबिन ए-वन-सी. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. त्या काळांत रक्तांत जेवढी साखर असेल तेवढी त्यांतील हिमोग्लोबिनास चिकटत जाते. म्हणून ह्या परीक्षेंत एका सकाळची नव्हे, तर मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी समजते. इराणी वैद्य सॅम्युएल राहबर ह्यांनीं १९६८ सालीं मधुमेह्यांच्या रक्तांत हें द्रव्य वाढलेलें दाखवून दिलें. शेंकडा ५.७ च्या आंत ठीक, ५.७ ते ६.४ मधली स्थिति, ६.५ किंवा अधिक असल्यास मधुमेह. कसलेंही लक्षण नसतां आंकडा वाढलेला निघाल्यास दुसऱ्यांदां परीक्षा केल्याशिवाय निदान पक्कें धरीत नाहींत.

चरबीच्या परीक्षेंत तीन नांवें लक्षांत ठेवावीं. एलडीएल हें कोलेस्टेरॉल वाहून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत नेऊन घालणारें. सामान्य मनुष्याचें तें १०० च्या आंत असणें उत्तम. एचडीएल हें उलट दिशेनें वाहतुक करणारें. पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० ह्यांच्या खालीं असणें हें वाईट चिन्ह. तिसरें ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीची चरबी. उपाशीपोटीं तें १५० च्या आंत असावें.

साखर व चरबी ह्यांचें नातें

साखरेचा रोग निराळा व चरबीचा निराळा, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि शेतकऱ्यास हें नातें समजावयास अवघड नाहीं.

आपण भात, भाकरी, गूळ, जें कांहीं खातों त्याची पोटांत साखर होऊन ती रक्तांत उतरते. स्वादुपिंडांतून इन्सुलिन नांवाचें द्रव्य स्रवतें. त्याच्या हुकुमानें ही साखर रक्तांतून उचलली जाऊन स्नायूंत व यकृतांत सांठविली जाते. स्नायु हें तिचें मोठें कोठार होय. नांगरणी, चिखलणी, डोक्यावरचें ओझें, ह्या कामांनीं हें कोठार रोज रिकामें होतें व दुसऱ्या दिवशीं त्यांत नवा माल मावतो. अंगमेहनत थांबली कीं कोठार भरलेलेंच राहतें, दारांत गाड्या तुंबतात, आणि इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून कांहीं वर्षें निभावून नेतें. त्या अवधींत साखरेचा आंकडा वरकरणीं ठीक दिसतो. यकृत मात्र शिलकी साखरेची चरबी बनवून ती रक्तांत सोडूं लागतें. म्हणून साखरेचा आंकडा बिघडण्याच्या आधींच पुष्कळदां ट्रायग्लिसराइड चढतें व एचडीएल उतरतें. आपल्या देशांतील लोकांत ही जोडी फार आढळते.

ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. ट्रायग्लिसराइड वाढलें म्हणजे तूप फार झालें, असें समजून कित्येक लोक चमचाभर तूप सोडतात आणि भाताची रास, साखरेचा चहा व मद्य तसेंच चालूं ठेवतात. ह्या आंकड्याच्या वाढीस पिष्ट पदार्थ, साखर व मद्य हीं तुपाइतकींच, किंबहुना अधिकच, कारण होतात.

एलडीएलची गोष्ट थोडी निराळी. त्याचें नुकसान आंकडा गुणिले वर्षें असें चालतें. पाटाचें पाणी गढूळ असलें म्हणजे एका दिवसांत पाट बुजत नाहीं. पण तेंच पाणी वीस वर्षें वाहिलें तर गाळ बसतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब व वाढलेली साखर ह्यांनीं पाटाची भिंत खरबरीत होते व गाळ लवकर धरतो.

हा अंदाज बांधण्यास लोक कसे शिकले

रोगाची पैसेवारी करण्याचें शास्त्र फार जुनें नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत फ्रेमिंगहॅम नांवाचें एक गांव आहे. तेथें १९४८ सालीं ५,२०९ निरोगी स्त्रीपुरुषांचीं नांवें नोंदून दर दोन वर्षांनीं त्यांची तपासणी करण्यास आरंभ झाला. कोणास हृदयविकार होतो व कोणास होत नाहीं, हें वर्षानुवर्षें पाहात गेल्यावर असें दिसून आलें कीं, ज्यांचें कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान अधिक, त्यांच्यावर रोगाची धाड अधिक. आजारी पडल्यावर कारण शोधण्यापेक्षां निरोगी असतांनाच चिन्हें टिपून ठेवण्याची ही रीति तेथून सर्व जगांत पसरली.

लंडन येथील सरकारी कचेऱ्यांतील नोकरांवरही असेंच एक संशोधन १९८५ पासून चाललें आहे. आम्हां कारकून लोकांस त्यांत विशेष गोडी वाटावी! त्यांतील ज्यांना पुढें मधुमेह झाला, त्यांच्या जुन्या नोंदी उलट्या क्रमानें वाचून २००९ सालीं असें प्रसिद्ध करण्यांत आलें कीं, उपाशीपोटींची साखर प्रथम अनेक वर्षें हळूहळू चढते व निदानापूर्वीं सुमारें तीन वर्षें ती एकदम उसळी घेते. म्हणजे मंद चढणीचा तो दीर्घ काळ हीच उपायाची खरी संधि. एकच आंकडा पाहणारास ही चढण दिसत नाहीं. सालोसालचे आंकडे एकाखालीं एक मांडणारास ती दिसते.

आपल्या लोकांविषयीं आणखी एक गोष्ट निराळी आहे. ५२ देशांत मिळून झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत दक्षिण आशियांतील लोकांस हृदयविकाराचा पहिला झटका सरासरीनें ५३ व्या वर्षीं, म्हणजे इतरांपेक्षां पांच-सहा वर्षें आधीं, येतो असें निघालें. कारणें तींच होतीं. तीं येथें लवकर जमा होतात एवढेंच.

पुण्याजवळील सहा खेडीं

हीं कारणें इकडे लवकर कां जमावीं, ह्या प्रश्नाचा उलगडा करणारें काम आपल्याच महाराष्ट्रांत व तेंही शेतकरी कुटुंबांत झालें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील स्त्रियांची नोंद घेण्यास सुरुवात केली. त्यांचें गरोदरपणांतील खाणेंपिणें, काम व वजन टिपून, जन्मलेल्या मुलांवर त्यांनीं पुढें अनेक वर्षें लक्ष ठेविलें.

तेथील नवजात बालकांचें वजन सरासरीनें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो होतें. इतकें वजन कमी, तर चरबीही तितकीच कमी असावी, असें कोणीही म्हणेल. पण तसें निघालें नाहीं. आपल्या बालकांच्या अंगीं मांस व हाडपेर कमी होतें, मात्र चरबी त्या मानानें राखलेली होती. बाहेरून कृश व आंतून चरबीयुक्त, असा हा घाट जन्मापासूनच असतो, हें २००३ सालीं प्रसिद्ध झालें.

डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. यडकिन ह्या उभयतांचें एक छायाचित्र २००४ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. उंचीच्या मानानें वजनाचें जें गुणोत्तर काढतात, तें दोघांचेंही २२.३ असेंच होतें. परंतु शरीरांतील चरबी इंग्रज गृहस्थांची शेंकडा ९.१ व डॉ. याज्ञिकांची शेंकडा २१.२ निघाली. दोन शेतें क्षेत्रफळानें सारखीं, पण एकांत दाणा व दुसऱ्यांत पेंढा, असाच हा प्रकार. वजनकांटा दोघांस एकच न्याय देतो. रक्ताची परीक्षा देत नाहीं.

त्या सहा खेड्यांतील मुलें १८ वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांची पुन्हां तपासणी झाली. त्यांचें वजनाचें गुणोत्तर सरासरीनें २० च्याही आंत होतें. म्हणजे तीं सडपातळच होतीं. तरीही मुलग्यांत शेंकडा ३७ व मुलींत शेंकडा १८ जणांची साखर वाढलेली निघाली. आणि ज्यांची ६ व्या व १२ व्या वर्षीं उपाशीपोटींची साखर इतरांपेक्षां थोडीशी वर होती, त्यांच्यांतच पुढें हा बिघाड अधिक दिसला. वयाच्या सहाव्या वर्षींचा, दोषरहित मानला जाणारा आंकडाही पुढचें भाकीत करतो, हें वाचून प्रत्येक शेतकरी बापानें क्षणभर थांबावें. "पोरगा काटक आहे, त्यास काय धाड भरली आहे," हें वाक्य आपण यापुढें जपून उच्चारावें.

आंकडे एकत्र कसे वाचावे

समजा, बोरिवलीकडील एका खातेदाराचे आंकडे पुढीलप्रमाणें आले आहेत. वय ५२, कंबर ९६ सेंटिमीटर, बैठें काम, आईस मधुमेह. उपाशीपोटींची साखर ११२. एकूण कोलेस्टेरॉल २०८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २३०.

प्रथम एलडीएल काढूं. एकूण कोलेस्टेरॉलांतून एचडीएल वजा करावें, आणि ट्रायग्लिसराइडचा पांचवा हिस्सा वजा करावा. राहील तें एलडीएल. २०८ वजा ३६ वजा ४६, बाकी १२६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास मात्र हा हिशेब चालत नाहीं. एलडीएल निराळें मोजून घ्यावें लागतें.

आतां एकेक आंकडा सुटा पाहिला तर भयंकर असें कांहींच नाहीं. साखर मधल्या स्थितींत, एलडीएल थोडें वर, एकूण कोलेस्टेरॉल आठच अंशांनीं अधिक. पुष्कळ लोक येथेंच कागद घडी करून ठेवतात. परंतु साखर चढती, ट्रायग्लिसराइड चढतें, एचडीएल उतरतें व कंबर मोठी, हीं चारही चिन्हें एकाच दिशेस बोट दाखवितात. इन्सुलिनचा हुकूम चालेनासा झाला आहे, असा त्यांचा एकमुखी जबाब आहे.

हा जबाब एकाच आंकड्यांत मांडण्याची एक युक्ति मेक्सिको देशांतील संशोधकांनीं २००८ सालीं सुचविली. उपाशीपोटींचें ट्रायग्लिसराइड व उपाशीपोटींची साखर ह्यांचा गुणाकार करून त्याची निमपट करावी व तिचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्यावा. आपल्या खातेदाराचे २३० गुणिले ११२, निमपट १२,८८०, लॉगॅरिथम ९.४६. ज्याचे आंकडे १०० व ९० आहेत त्याची निमपट ४,५०० व लॉगॅरिथम ८.४१ येतो. हा निर्देशांक जितका मोठा तितकी मधुमेहाची व हृदयविकाराची भीति अधिक, असें अनेक देशांत दिसून आलें आहे. अमुक आंकड्यापुढें रोग, अशी सर्वमान्य सीमा मात्र त्यास अद्यापि नाहीं. म्हणून निदानास तो वापरीत नाहींत.

रक्त न काढतांही पहिली नजर पैसेवारी घरीं करतां येते. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००५ सालीं शंभर गुणांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. वय ३५ च्या आंत ०, ३५ ते ४९ स २०, ५० व पुढें ३० गुण. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आंत ०, ९० ते ९९ स १०, १०० व पुढें २०; स्त्रियांस ह्याच मर्यादा दहा सेंटिमीटरनें कमी धराव्या. नियमित व्यायाम व अंगमेहनतीचें काम दोन्ही असल्यास ०, दोहोंपैकीं एक असल्यास २०, एकही नसल्यास ३०. आईबापांपैकीं कोणासही मधुमेह नसल्यास ०, एकास असल्यास १०, दोघांस असल्यास २०. बेरीज ६० किंवा अधिक आल्यास भीति मोठी. ३० ते ५० आल्यास मध्यम. आपल्या खातेदाराची बेरीज ३०, १०, ३० व १० मिळून ८० होते. त्याचा २८ वर्षांचा, कंबरेनें सडपातळ पण बैठें काम करणारा मुलगा, आजी नव्हे तर बापच मधुमेही झाला असें धरल्यास, ३० व १० मिळून ४० गुणांस पोंचतो. ह्या तक्त्यानें रोग ठरत नाहीं. रक्त कोणीं आधीं तपासावें एवढें ठरतें.

अंदाजास अंदाजच समजावें

एवढें सांगितल्यावर उलट बाजूही सांगणें कर्तव्य आहे. पैसेवारी चांगली आलेल्या गांवांतही एखाद्याचें शेत बुडतें, व वाईट आलेल्या गांवांत एखाद्याचें तरतें. आंकडा समुदायाविषयीं खात्रीनें बोलतो. एकट्या मनुष्याविषयीं तो फक्त संभव सांगतो.

परीक्षेसही दोष लागतात. लोहाच्या कमतरतेनें पंडुरोग झालेल्या स्त्रीचें ए-वन-सी खऱ्यापेक्षां अधिक दिसूं शकतें. सिकलसेल किंवा थॅलसीमिया असलेल्या मनुष्याचा तो आंकडा विश्वासार्ह नसतो. ठाणे-पालघरकडील आदिवासी बांधवांनीं व ज्यांच्या घराण्यांत असा दोष आहे त्यांनीं साखर प्रत्यक्ष मोजून घ्यावी. ताप, मोठें दुखणें, आदल्या रात्रींचें मद्य किंवा लग्नाचें जेवण ह्यांनीं साखर व ट्रायग्लिसराइड तात्पुरतीं वाढतात. एका परीक्षेवर हर्ष वा शोक करूं नये.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, चिन्ह व कारण ह्यांत घोटाळा होऊं देऊं नये. एचडीएल अधिक असणारांस हृदयविकार कमी होतो, हें पाहून तें वाढविणारें टॉर्सेट्रापिब नांवाचें औषध काढण्यांत आलें. त्यानें एचडीएल दीडपटीहून अधिक वाढलेंही. परंतु औषध घेणारांत मृत्यु अधिक होऊं लागले व २००६ सालीं तो प्रयोग बंद करावा लागला. पैसेवारी वाढवून लिहिली म्हणून खळ्यावर दाणा वाढत नाहीं. उलट एलडीएल हें प्रत्यक्ष कारणच असल्यामुळें तें उतरविल्यानें लाभ होतो. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ हृदयरोग्यांवरील स्कॅंडिनेव्हियन प्रयोगांत स्टॅटिन औषधानें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० नें घटलें. म्हणून कोणता आंकडा औषधानें उतरवावा, हें वैद्यावर सोंपवावें. आणि वैद्यानें सुरू केलेलें औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सोडूं नये.

उपाय व त्याचें फळ

मधल्या स्थितींतील मनुष्य परत फिरूं शकतो काय? ह्याचें उत्तर आपल्याच देशांत मिळालें आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनीं ५३१ अशा लोकांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमींचाच सल्ला दिला, त्यांपैकीं शेंकडा ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणें व आहाराचा नियम पाळून घेतला, त्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ वर आलें. सर्व पीक वांचलें नाहीं. पण जें वांचलें तें चालण्यानें व ताटांतील फरकानें वांचलें.

ह्या सर्वांवरून सभासद बंधूंस पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

तिसाव्या वर्षानंतर प्रत्येकानें रक्तदाब, कंबर, साखर व चरबी हीं तपासून घ्यावीं. सरकारचा तपासणीचा कार्यक्रमही तीस वर्षांपासूनच धरला आहे. उपनगरांत महापालिकेचे दवाखाने व घाटकोपरचें राजावाडी, जुहूचें कूपर अशीं रुग्णालयें आहेत. खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ज्याची जमीन गेली व काम बैठें झालें, त्यानें हें आधीं करावें. जो अजून शेतांत राबतो त्यानें निश्चिंत राहूं नये. यंत्रानें नांगरणी होऊं लागल्यापासून त्याच्याही अंगमेहनतीचा हिशेब बदलला आहे.

ताटांत भात अर्धा करावा आणि त्या जागीं डाळ, कडधान्य, मासळी व पालेभाजी वाढवावी. चहांतील साखर क्रमानें कमी करावी. रोज निदान अर्धा तास झपझप चालावें. विडी, तंबाखू व मशेरी सोडावी. घरांतील गरोदर स्त्रीची साखर तपासून घ्यावी व मुलींच्या पोटास कमी पडूं देऊं नये. कारण सहा खेड्यांच्या कामावरून पुढच्या पिढीची मशागत आईच्या पोटांतच सुरू होते, हें स्पष्ट आहे.

प्रत्येक परीक्षेचा कागद जपून ठेवावा, आणि एका वहींत तारीखवार रकाने पाडून साखर, ए-वन-सी, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब व कंबर हे आंकडे एकाखालीं एक लिहावे. वर्षाकांठीं ती वही वैद्यापुढें ठेवावी. उपाशीपोटींची साखर ९२, ९६, १०१, १०६ अशी चढत गेलेली वहींत दिसली, तर वैद्यास फार प्रश्न विचारावे लागणार नाहींत.

संस्थेच्या चालकांसही एक विनंति आहे. वार्षिक सभेच्या दिवशीं दाराशीं एक मोजमापाची फीत, एक वजनकांटा व रक्तदाबाचें यंत्र ठेवावें, आणि वरील शंभर गुणांचा तक्ता भरून मगच सभासदानें सभेस बसावें असा प्रघात पाडावा. ज्यांची बेरीज ६० च्या वर जाईल त्यांच्या रक्तपरीक्षेची व्यवस्था त्याच आठवड्यांत जवळच्या दवाखान्यांत लावून द्यावी. बियाणें व खत ह्यांची चौकशी आपण दरसाल करतोंच. तीं पेरणाऱ्या हातांचीही चौकशी त्याच दिवशीं होऊं शकते, आणि तीस खर्च म्हणावा असा फारसा येत नाहीं.